खाकी कागदावरची जमीन

नळदुर्गच्या स्टँडवर हैदराबादची गाडी कधीच वेळेवर यायची नाही, आणि त्या दिवशी नेमकी वेळेवर आली. आईने बांधून दिलेल्या कडक भाकरी, शेंगाचटणी, लोणच्याची बरणी, नवऱ्याच्या, म्हणजे श्रीकांतच्या, बॅगा, माझी ट्रंक, हे सगळं टपावर चढेपर्यंत अण्णा एका बाजूला उभे होते. हातात एक चपटं पुडकं, दोन पुठ्ठ्यांच्या मधे घालून सुतळीने बांधलेलं. गाडी सुरू झाली तसं त्यांनी ते खिडकीतून आत सरकवलं आणि म्हणाले, "आडवं धर. मांडीवरच धर. झटकू नको, पुसू नको. धूळ दिसली तर फुंकर मार, बास." लग्न होऊन पहिल्यांदा परमुलखात निघालेल्या लेकीला बापाने सांगितलं ते एवढंच. आई पदराने डोळे पुसत होती आणि अण्णा सुतळीची गाठ सुटणार तर नाही ना, ते बघत होते. मला तेव्हा त्यांचा असा राग आला होता की मी त्यांच्याकडे बघून हातसुद्धा हलवला नाही.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. तुम्ही, जे नळदुर्गात राहिलात आणि दिवाळीला फोनवर "काय, मानवलं का हैदराबाद?" असं दरवर्षी विचारता. आणि तुम्हीही, जे माझ्यासारखेच निघालात, कुणी पुण्याला, कुणी बंगळुरूला, कुणी थेट न्यू जर्सीला, आणि मानवलं म्हणून सांगत राहिलात. मीही सांगत आले. आता कंटाळा आला आहे सांगायचा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. तुमच्यातल्या निम्म्यांना त्यांनी सफरचंद आणि तांब्या काढायला शिकवलं आहे. पण त्यांचं स्वतःचं काम रविवारी चालायचं. सकाळी पाण्याची बाटली, मांडीवर घ्यायची फळी आणि पेस्टलच्या कोरड्या खडूंची पेटी घेऊन ते गावाबाहेर जायचे आणि समोर जे दिसेल ते काढायचे. एखाद्याचं करडईचं रान, बांधावरची बाभळ, बोरी नदीचं वळण, कापणी झालेलं रिकामं शेत. कागद म्हणजे वह्यांना कव्हर घालतो तो खाकी कागद, त्याची खरखरीत बाजू. मोडलेले खडू एका डब्यात तांदळाच्या कण्यांत ठेवलेले असायचे, म्हणजे एकाचा रंग दुसऱ्याला लागत नाही. त्या कण्यांवरून आई दर महिन्याला एकदा तरी बोलायची. "खायच्या वस्तूला रंग फासणारा माणूस मी दुसरा बघितला नाही."

त्यांचे नियम होते आणि ते नियमांना देवासारखे धरून असायचे. समोर असल्याशिवाय काढायचं नाही. आठवून नाही, फोटो बघून तर मुळीच नाही. रंग कागदावर घट्ट बसावा म्हणून फवारा मारतात, त्याला फिक्सेटिव्ह म्हणतात, तो मारायचा नाही, कारण त्याने चित्रातला उजेड मरतो. उजेड सगळ्यात शेवटी लावायचा, आणि जाड लावायचा. आणि ज्याची जमीन, त्याला चित्र. चित्र झालं की ते शेताच्या मालकाच्या घरी जाऊन देऊन यायचे. त्यामुळे आमच्या घरी अण्णांचं एकही चित्र नव्हतं. जगात फक्त आमच्याच भिंती रिकाम्या.

मला दिलेलं चित्र गायरानाचं होतं. गावाबाहेरचा माळ उतरत जाऊन जिथे काळ्या रानाला मिळतो, ती जागा. ती जमीन कुणाचीच नाही, म्हणून ते चित्र मला मिळालं. वर थोडं आभाळ, लांब किल्ल्याचा बुरूज, मधे उतार, आणि खाली उजवीकडे पिवळा तरवड फुललेला. उतारावरची माती काळी नव्हती, मुरमाड तांबडीही नव्हती. लहानपणी मी त्यांच्याजवळ बसून फुलं काढायची तेव्हा एकदा "अण्णा, काळा खडू घ्या की" असं म्हणाले होते. ते म्हणाले, "काळी कुठंय ती? नीट बघ. काळी नव्हती ती कधीच." मी नीट बघितलं होतं. तेव्हा दिसलाही होता तो रंग.

उमरगा गेलं, हुमनाबाद गेलं, जहीराबादच्या अलीकडे माती लालभडक झाली. पुडकं मांडीवर आडवं. गौलीगुड्याच्या त्या अर्धगोल पत्र्याच्या स्टँडात उतरले तेव्हा माझ्या मांड्यांना मुंग्या आल्या होत्या. बाहेर रिक्षावाले "किधर जाना अम्मा" म्हणत अंगावर येत होते, आणि मी सामान श्रीकांतवर सोडून ते पुडकं छातीशी धरून उभी. हमालाने हात पुढे केला तर मी त्याच्या अंगावर ओरडले. राग अण्णांचा होता, पण पुडकं मी सोडलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आम्ही गौलीगुड्यातच भाड्याने राहिलो. घरमालकीण काकू मराठीच होत्या, पण पिढ्यान् पिढ्या इथल्या, मूळ गाव देगलूरकडे कुठेतरी. पहिल्याच दिवशी चहा देताना म्हणाल्या, "आमचं काय की वो, भांडण करायला उर्दू, भाजी घ्यायला तेलुगू, अन् देवापुढं तेवढं मराठी." मला त्या फार आवडल्या. आबिड्समधून मी चित्राला काच आणि चौकट करून आणली. काच कागदाला टेकू नये म्हणून मधे पुठ्ठ्याची पट्टी घालून घेतली. भिंतीवर लावलं तेव्हा काकू कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "ही कोन्ती जागा म्हणायची? काहीच नाही की हो यात." पुढच्या सगळ्या वर्षांत जो कुणी घरी आला तो हेच म्हणाला. यात काही नाही. बरोबरच आहे. गायरानात काय असणार?

ती नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. श्रीकांत टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत होता, आणि टाइपरायटर मरायला लागले होते. रोज पेपरात देश उघडला, देश उघडला. आमच्या घरात ते उघडणं म्हणजे श्रीकांतचं नोकरीनंतर हिमायतनगरच्या एका क्लासमध्ये जाऊन कॉम्प्युटर शिकणं आणि माझं दिवसभर एकटीने भिंतीकडे बघत बसणं. अशात दसऱ्याच्या आधी एका संध्याकाळी शेजारची यादम्मा अंगणात परातीवर फुलांची चळत रचत बसलेली दिसली, बतुकम्मासाठी, म्हणजे इकडच्या बायकांच्या फुलांच्या सणासाठी. टोपलीत पिवळीधमक फुलं. मी चप्पल न घालता धावले. "अगं बाई, हा तर तरवड!" यादम्मा माझ्याकडे बघून हसली. "कादम्मा, तंगेडु." नाही गं, हा तंगेडु, असं म्हणाली आणि एक अख्खी फांदी माझ्या हातात दिली. तो या शहरातला माझा पहिला आनंदाचा दिवस. दुसऱ्या दिवशी मी आबिड्समधून खडूंची लहान पेटी आणली आणि फांदी पेल्यात ठेवून तरवड काढला.

गावच्या शाळेतल्या फोनवर अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "समोर ठेवून काढलास ना?" म्हटलं, हो. "मग झालं," म्हणाले, आणि फोन ठेवला. तेव्हापासून मी फुलं काढत राहिले. गल्लीतली कोरांटी, देवळाबाहेरची कण्हेर, गुलमोहराचा तुरा, आणि दर दसऱ्याला तरवड. माझी फुलं बरी असतात, त्यापलीकडे काही नाही. फूल तोडून आणून पेल्यात ठेवता येतं. जमीन आणता येत नाही. आमच्या बापलेकीच्या कामातला फरक एवढाच, आणि तो किती मोठा आहे ते मला पुढे कळलं.

श्रीकांतचं कॉम्प्युटर शिकणं फळाला आलं. नवी कंपनी, नवे मित्र, पुण्यामुंबईहून आलेले, सगळे "प्रोजेक्ट" आणि "ऑनसाइट" असं बोलणारे. आम्ही शहराच्या पश्चिमेला माधापूरकडे फ्लॅट घेतला. तोवर केतकी झाली होती. तिकडे तेव्हा नुसते दगड होते. हत्तीएवढे, घराएवढे, एकावर एक ठेवलेले, कुणी ठेवले कुणास ठाऊक. आमच्या बाल्कनीसमोर एकावर एक चढलेला मोठा ढीग होता, खाली मोठा, वर लहान, त्याच्यावर आणखी लहान. मी त्याला उतरंड म्हणायची. स्वयंपाकघरात मडक्यांची असते तशी.

दुपारी शिट्टी वाजायची. लाल झेंडा घेतलेला माणूस रस्त्यात उभा राहून गाड्या थांबवायचा, आणि कुठला तरी दगड फुटायचा. धप्प असा आवाज जमिनीतून यायचा, भांडी किणकिणायची. ऑफिसं बांधायची होती ना. पहिले काही दिवस केतकी रडली, नंतर तिने त्याचा खेळ केला. शिट्टी ऐकली की कानात बोटं घालून उभी राहायची. माणसाला कशाचीही सवय होते, असं श्रीकांत म्हणाला. मला हे वाक्य आवडत नाही.

आई गेली तेव्हा अण्णा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. घर भाड्याचं, भाऊ मला नाही. मी त्यांना घेऊन आले. सामान म्हणजे कपड्यांची एक पिशवी, पेटी, आणि कण्यांचा तो डबा. या खेपेला स्टँडवर सोडायला कुणी नव्हतं. बसमध्ये त्यांनी पेटी मांडीवर आडवी धरली होती, आणि जहीराबादच्या अलीकडे माती लाल झाली तेव्हा म्हणाले, "माझ्याकडं हिचा रंग नाही." मी म्हटलं, तिथे सगळं मिळतं, अण्णा.

सुरुवातीला ते नुसते बाल्कनीत बसायचे. सकाळी उतरंडीवर ऊन यायचं, तो दगड राखाडी असून गुलाबी व्हायचा, मग पिवळट, मग पुन्हा राखाडी. ते बघायचे आणि पेटी उघडून बंद करायचे. काळ्या रानातल्या माणसाची पेटी ती, तिच्यात तो गुलाबी कुठून असणार! शेवटी श्रीकांत एका रविवारी त्यांना आबिड्सला घेऊन गेला. परदेशी खडू आता तिथे राजरोस मिळत होते, फोमच्या खाचेत एकेक निजवलेले, राखाडीच्याच कितीतरी छटा. अण्णांनी एक खडू बोटावर घासला आणि बराच वेळ बोटाकडे बघत राहिले. "हे तेव्हा का नाही मिळालं?" एवढंच म्हणाले. श्रीकांतने मोठी पेटी घेतली. घरी येऊन अण्णांनी पहिलं काम काय केलं असेल तर माझ्याकडे सोना मसुरीच्या कण्या मागितल्या. मी इतकी हसले की मला आईची आठवण येऊन रडू आलं.

त्यानंतरचे थोडे महिने आमच्या घरातले सगळ्यात चांगले महिने होते. अण्णा रोज सकाळी उतरंड काढायचे. केतकी त्यांच्या पाठीशी उभी राहून "आजोबा, स्टोन पिंक कसा?" असं विचारायची आणि ते तिला "नीट बघ" म्हणायचे. मी आत पोळ्या करताना ते ऐकायची. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, की मानवलं. खरंच मानवलं.

चित्र पुरं झालं आणि अण्णांनी खाली जाऊन वॉचमनला विचारलं, "ये जमीन किसकी है?" तो म्हणाला, "कंपनी की है, साब." अण्णा चित्र पुठ्ठ्यात घालून कंपनीच्या साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात गेले. मी वरून बघत होते. ज्याची जमीन, त्याला चित्र. आतल्या तरुण इंजिनिअरने "थँक्यू अंकल, व्हेरी नाइस" म्हटलं म्हणे. अण्णा खूश होऊन वर आले. "पोरगा चांगला आहे. आडवं ठेव म्हणून सांगितलंय त्याला."

पुढच्याच आठवड्यात उतरंडीला भोकं पाडायला लागले.

त्या दुपारी शिट्टी नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजली. आमच्या बाजूच्या लोकांना खिडक्या उघड्या ठेवायला सांगितलं होतं, काचा फुटू नयेत म्हणून. धक्का इतका मोठा होता की केतकीचा कप टेबलावरून खाली पडला. धूळ बसली तेव्हा समोर आभाळ होतं, मोकळं, जिथे कधी नव्हतं तिथे. मला वाटलं अण्णा बाल्कनीत असतील. ते हॉलमध्ये होते, गायरानाच्या चित्रासमोर, काचेला नाक लावून. "बघ," म्हणाले. "पिवळा गेला."

मी जवळ जाऊन बघितलं. चौकटीच्या आत, खालच्या पट्टीवर, भुरकट धुळीची रेघ जमली होती. ती बाहेरची धूळ नव्हती. गौलीगुड्याच्या बसगाड्यांच्या हादऱ्यांनी थोडा, आणि इथल्या सुरुंगांनी उरलेला, असा एवढ्या वर्षांत तो रंग झडत आला होता आणि मी रोज काच पुसत असूनही मला दिसलं नव्हतं. तरवडाच्या जागी खाकी कागद. उतारावरचं ऊन गेलं होतं. सावल्या तेवढ्या राहिल्या होत्या, कारण त्या आधी लावलेल्या, कागदात रुतलेल्या. अण्णांनी मला शिकवलं होतं की उजेड शेवटी लावायचा. जे शेवटी लावतात तेच आधी गळतं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांनाही माहीत नसावं. त्यांची चित्रं कधी इतकी वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर राहिलीच नव्हती.

मी म्हटलं, "अण्णा, पुन्हा काढा. हेच काढा." ते म्हणाले, "समोर नाही ते कसं काढू?"

मी खूप मागे लागले. मला ते चित्र हवं होतं. माझ्याकडे गावाचं दुसरं काही नव्हतं, ना घर, ना शेत, ना आई. एकदा तर मी चिडून म्हणाले, की एवढा कसला तुमचा नियम, लेकीसाठी मोडता येत नाही? केतकी म्हणाली, "आजोबा, फोटो मागवू ना कुणाकडून तरी, मग बघून काढा, इट्स सो इझी." अण्णांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. उतरंड गेल्यापासून त्यांनी खडू हातात धरला नव्हता. समोर आता निळ्या काचेची इमारत चढत होती. गंमत म्हणजे श्रीकांतची कंपनी तिच्यातच यायची होती. त्याला चालत जाता येणार होतं. त्याच्या आनंदावर पाणी ओतायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून मी पेढे आणले.

मग मी ठरवलं, समोर हवंय ना, तर समोर नेऊ. मी आणि अण्णा नळदुर्गला गेलो. पेटी आणि फळी घेऊन.

तुमच्यापैकी काही जण तेव्हा भेटलात. आधी पाटलांकडे गेलो, कारण अण्णांनी त्यांच्या रानाचं चित्र त्यांना दिलं होतं, आणि त्यात तोच माळ कोपऱ्यात का होईना होता. पाटीलवहिनींनी मोठ्या कौतुकाने चौकट आणून दाखवली. काच नव्हती. कागद होता, स्वच्छ, खाकी, मधे पुसट डाग. "धूळ लई बसली होती गुरुजी," वहिनी म्हणाल्या, "दिवाळीला ओल्या फडक्यानं पुसून लख्ख केलं बघा." त्यांनी चहाबरोबर चिवडा दिला. अण्णा "छान ठेवलंय" म्हणाले आणि चिवडा खाल्ला. मला वहिनींचा राग यायला हवा होता, पण नाही आला. सारवायच्या भिंती आणि पुसायच्या चौकटी, घर जपणं म्हणजे त्यांच्या लेखी हेच. मी मात्र तो चिवडा गिळू शकले नाही.

गायरान गायरान राहिलं नव्हतं. माळावर चुन्याचे पांढरे दगड रोवून प्लॉट पाडले होते, रस्ते आखले होते, उतारावर वरून मुरूम आणून पसरला होता आणि रोलर फिरवला होता. बुरूज दिसायचा तिथे सिमेंटचं गोडाऊन. कमानीवर कसल्याशा नगरीचं नाव. अण्णा त्यांच्या जुन्या जागेवर, म्हणजे त्या अंदाजाने, बसले. पेटी मांडीवर. मी म्हटलं, "अण्णा, खाली सगळी काळी रानं आहेत तशीच. तिथली माती बघून काढता येईल." ते म्हणाले, "ती काळी आहे गं. ही काळी नव्हती." थोडा वेळ बसले आणि "चल," म्हणाले. पेटी उघडलीसुद्धा नाही. परतीच्या गाडीत त्यांनी पेटी वरच्या फळीवर सामानात टाकली, उभी.

तिथून आल्यावर ते खचले. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. डॉक्टर म्हणाले, वयानुसार सगळं ठीक आहे. मग एका सकाळी मी भाजी निवडत बसले असताना ते येऊन म्हणाले, "खाकी कागद आहे का?" केतकीच्या वह्यांना आता प्लॅस्टिकची कव्हरं असायची. मी खालच्या दुकानातून कागद आणला. अण्णांनी फळीवर लावला, खरखरीत बाजू वर. म्हणाले, "आठवून काढतो." मला ओरडून नाचावंसं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती. या माणसाने जन्मात जे केलं नव्हतं ते तो माझ्यासाठी करायला बसला होता.

त्यांनी एक रेघ मारली. क्षितिजाची, डावीकडून उजवीकडे, किंचित उतरती. हात स्थिर होता. मग परदेशी पेटी उघडून एक तपकिरी खडू घेतला, कागदाजवळ नेला, परत ठेवला. दुसरा घेतला. मग तिसरा. मग आपली जुनी पेटी, मग कण्यांतले तुकडे. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मी उठून गॅस बंद करून आले, तरी ते तसेच. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "रंग आठवंना गं." लहान मुलासारखा चेहरा झाला होता. "लई वेळा काढला असंल मी तो उतार. आठवंना बघ."

मी म्हटलं, राहू द्या. तर म्हणाले, "ती चौकट काढ खाली."

मी सुरीने मागची पट्टी उकलली, आणि काच उचलली, आडवी धरून, न झटकता. आतल्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर ती धूळ जमलेली होती. आभाळाचा निळा, तरवडाचा पिवळा, बुरुजाचा करडा, उतार, ऊन, सगळं मिसळून एक झालेलं. अण्णांनी दोन बोटं त्या धुळीतून फिरवली आणि नव्या कागदावर, रेघेच्या खाली, घासली. मग मागे होऊन बघितलं. "ही," म्हणाले. "ही होती." मीही बघितलं. होता तो रंग. काळा नाही, तांबडा नाही.

धूळ होतीच किती? दोन बोटांइतकी जमीन झाली आणि पट्टी कोरडी पडली. अण्णांनी हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "बाकीचं तू भर."

त्या थंडीतच ते गेले. अंबरपेटच्या स्मशानात भटजींनी गाव कुठलं विचारलं, तर श्रीकांतने नळदुर्ग सांगितलं आणि ते नीट ऐकू न आल्यामुळे त्याला दोनदा सांगावं लागलं.

बाकीचं मी भरलेलं नाही. बसले होते, खोटं कशाला बोलू, पुष्कळदा बसले. बुरूज रेघेच्या डावीकडे होता की उजवीकडे, मला सांगता येईना. तरवडाची झुडपं किती होती? मधे ओघळ होता का? गावी चुलतभावाला फोन केला तर तो म्हणाला, "कुठला माळ गं? हां हां, फेज वन." जुना कागद आता नुसत्या सावल्यांचा आहे, त्यावरून काही उमगत नाही. मी फुलं काढणारी बाई. मला समोर लागतं. आणि गेली काही वर्षं फुलंही सुटली आहेत. दसऱ्याला तंगेडु बाजारात विकत आणावा लागतो, मुरगळलेला असतो, आणि यादम्माचा पत्ता मला माहीत नाही.

सुरुंग केव्हाच बंद झाले. फोडायला दगडच उरला नाही. आता लावलं तर ते दोन बोटं जमिनीचं चित्र भिंतीवर शांतपणे राहील, पण मी लावत नाही. पुठ्ठ्यांच्या मधे घालून खालच्या खणात आडवं ठेवलं आहे. सुरुवातीला रोज काढून बघायची. मग लक्षात आलं, की दर वेळी वरच्या पुठ्ठ्याला थोडी माती लागून येते. बघितलं की तेवढी कमी होते. फिक्सेटिव्ह मारता येईल, पण मग तो रंग तोच राहणार नाही. म्हणून बघणं बंद केलं. तुम्ही विचारता, घर म्हणजे आता तुझं कुठलं. माझं घर त्या खणात आहे आणि मी तो उघडत नाही.

केतकी पुढच्या महिन्यात निघाली आहे, टोरंटोला. तिला मराठी वाचता येत नाही, तेव्हा हे ती वाचणार नाही. परवा बॅग भरता भरता तिने सहज विचारलं, "मम्मा, आजोबांच्या त्या ड्रॉइंगमधल्या मातीचा कलर कोणता होता गं? मला आठवतच नाहीये." खण माझ्या हाताशी होता. मी बराच वेळ आठवत राहिले.

"काळा," मी म्हणाले.